फाइल पोहोचली, पण आकडा बदलला

मेनफ्रेमवरच्या फाइलमध्ये रकमेच्या जागी ५ असतो. ती फाइल एफटीपीने लिनक्सवर जाते, काम पूर्ण झाल्याचा २२६ क्रमांकाचा संदेश येतो, रेकॉर्डची संख्याही जुळते, आणि पलीकडचा प्रोग्राम त्याच जागी २ वाचतो. कुठे एरर नाही, कुठे अबेंड (प्रोग्राम मध्येच बंद पडणे) नाही. ४ असेल तर त्याचे ३ होतात. ६ किंवा ७ असेल तर मात्र प्रोग्राम सहसा फुटतो, आणि ते बरेच म्हणायचे, कारण निदान चूक झाल्याचे कळते.

मेनफ्रेमच्या व्हर्च्युअल मशीनवर काम करणाऱ्यांकडे येणाऱ्या तिकिटांत असे सगळे प्रकार एकाच मथळ्याखाली येतात: ‘नेटवर्क प्रॉब्लेम’. तिकीट नेटवर्क टीमकडे जाते, ते पिंग करून पाहतात, पिंग चालते, तिकीट परत येते. रात्रीच्या ब्रिज कॉलवर तीन टीम एकमेकींकडे बोट दाखवतात आणि बॅचची वेळ सरत जाते. खरे तर ‘जोडणी झाली’, ‘बाइट पोहोचले’ आणि ‘फाइल पोहोचली’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवले, तर निम्म्याहून अधिक रात्री वाचतील, असे या विषयाचा पसारा पाहिल्यावर ठामपणे म्हणावेसे वाटते.

पुणे जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना १९९०च्या सुमारास ज्या पहिल्या शहरांत उभी राहिली, त्यांत बेंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणे होते. परदेशी ग्राहकाच्या मेनफ्रेमवर इथे बसून काम करायचे तर उपग्रहाची लाइन घ्यावी लागे, आणि ६४ केबीपीएसची लाइन तेव्हा अप्रूपाची होती. त्या वेगाने १० एमबीची फाइल आणायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पुढे २००० सालच्या तारखांच्या दुरुस्तीने कोबोल जाणणाऱ्यांची मागणी वाढली, हिंजवडी आणि तळवडे वसले, आणि इंदापूर-बारामतीकडची मुलेही रात्रपाळीच्या सपोर्टमध्ये शिरली. २०२०च्या टाळेबंदीत त्यातली बरीच गावी परतली. पुणे-सोलापूर महामार्गावर, उजनीच्या फुगवट्याच्या काठी असलेल्या पळसदेवसारख्या गावातून अमेरिकेतल्या मेनफ्रेमवर लॉगिन होऊ लागले. त्या दिवसांनी एक जुना बिघाड नव्याने वर आणला, त्याकडे पुढे येऊ.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. एका मोठ्या संगणकावर अनेक ‘खोटे’ संगणक चालवायचे, ही कल्पना क्लाउडच्या कितीतरी आधीची आहे. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६७ साली सीपी-४० चालू झाले आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० जाहीर झाले. आजचे झेड/व्हीएम त्याच वंशातले. त्यात प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचे अख्खे मशीन मिळते: स्वतःची मिनीडिस्क, स्वतःचा कार्ड रीडर, कार्ड पंच आणि प्रिंटर. पंच कार्डे केव्हाच गेली, पण ००सी, ००डी आणि ००ई या पत्त्यांवरची ही तीन उपकरणे आजही तशीच आहेत. सेवासुद्धा व्हर्च्युअल मशीन म्हणूनच चालतात. टीसीपीआयपी नावाचे एक मशीन नेटवर्क सांभाळते, एफटीपीसर्व्ह नावाचे दुसरे फाइलींची ने-आण करते. म्हणून पहिला प्रश्न अगदी साधा असतो: ही मशीन लॉगऑन आहेत का? ‘क्वेरी नेम्स’ ही एक कमांड दिली की कळते. हा प्रश्न न विचारता थेट राउटरकडे धावणारे लोक कमी नाहीत.

झेड/व्हीएमवर लिनक्सचे गेस्ट, म्हणजे पाहुणी मशीन, चालवायची असतील तर त्यांच्यात आणि बाहेरच्या जगात व्हीस्विच हा व्हर्च्युअल स्विच असतो. २००३ साली आलेल्या ४.४ आवृत्तीपासून ही सोय आहे. गेस्टला जे नेटवर्क कार्ड दिसते ते तीन पत्त्यांचे मिळून बनते, एक वाचायला, एक लिहायला, एक डेटासाठी; उदाहरणार्थ ६००, ६०१ आणि ६०२. यातला एक पत्ता चुकला तरी कार्ड ऑनलाइन येत नाही. दुसरी नेहमीची गल्लत स्तराची. व्हीस्विच इथरनेट पद्धतीने, म्हणजे लेयर २ वर बांधलेला असतो आणि लिनक्सच्या क्यूइथ ड्रायव्हरला लेयर ३ सांगितलेला असतो. अशा वेळी लिनक्समधली सगळी सेटिंग वरवर बरोबर दिसतात आणि गेटवेला मात्र पिंग जात नाही. लिनक्समध्ये ‘एलएसक्यूइथ’ आणि झेड/व्हीएमच्या बाजूने ‘क्वेरी व्हीस्विच’चा तपशीलवार अहवाल, हे दोन शेजारी ठेवून वाचले की विसंगती उघडी पडते. ज्याला फक्त एकच बाजू दिसते त्याला ती सापडत नाही, आणि बहुतेक कंपन्यांत या दोन बाजू दोन वेगळ्या टीमकडे असतात.

लेयर ३ मध्ये आणखी एक खोच आहे. तिथे गेस्टला आपला आयपी पत्ता कार्डाकडे नोंदवावा लागतो. झेड/व्हीएमवर नवा गेस्ट बहुधा जुन्याची नक्कल करून बनवतात. नकलेत जुना आयपी बदलायचा राहिला की नोंदणी नाकारली जाते, आणि नवा गेस्ट नेटवर्कवर येतच नाही.

सर्वांत जास्त झोप उडवणारा प्रकार मात्र वेगळा. गेस्ट सहा महिने सुरळीत चालतो. रविवारी देखभालीसाठी झेड/व्हीएम बंद करून पुन्हा सुरू करतात, म्हणजे आयपीएल करतात, आणि सोमवारी पहाटे तोच गेस्ट व्हीस्विचला जोडला जात नाही. कोणी काही बदललेले नसते, आणि नेमके तेच कारण असते. व्हीस्विच वापरायची परवानगी कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी ‘सेट व्हीस्विच ग्रँट’ ही कमांड हाताने देऊन दिली होती. ती चालू सिस्टिमपुरतीच टिकते. सिस्टिम कॉन्फिगमध्ये किंवा सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या ऑटोलॉग१च्या प्रोफाइलमध्ये ती लिहिली नाही, तर आयपीएलनंतर ती उरत नाही. ‘काल चालत होते’ हे वाक्य ऐकले की ‘शेवटचे आयपीएल कधी झाले?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर बहुधा तिथेच असते. व्हीस्विच स्वतःच ओएसए या खऱ्या नेटवर्क कार्डाशी जोडला गेला नसेल, तर त्याचे नियंत्रण करणारी डीटीसीव्हीएसडब्ल्यू१ आणि २ ही मशीन चालू आहेत का ते पाहावे.

आता टाळेबंदीतला बिघाड. घरातून व्हीपीएन जोडले जाते, टर्मिनल एम्युलेटरवर मेनफ्रेमचा लॉगिनचा पडदा येतो, पासवर्ड स्वीकारला जातो, आणि पुढचा भरगच्च पडदा यायच्या वेळी सगळे गोठते. पिंग मात्र छान चालते. गावातले इंटरनेट खराब म्हणून लोक डोंगल बदलतात, गच्चीवर जातात. कित्येकदा दोष सिग्नलचा नसतो, पाकिटाच्या आकाराचा असतो. नेहमीच्या इथरनेटवर एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. व्हीपीएन त्याभोवती आपले वेष्टण घालते, त्यामुळे आत १४००च्या आसपासच जागा उरते. मोठे पाकीट वाटेत अडले की ‘लहान करून पाठव’ असा निरोप आयसीएमपीने परत यायला हवा. सुरक्षेच्या नावाखाली कोणीतरी फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद केलेले असते, निरोप येत नाही, आणि पाठवणारा तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. छोटी पाकिटे जातात, म्हणून लॉगिन होते. मोठी जात नाहीत, म्हणून भरलेला पडदा किंवा फाइल अडकते.

याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटचे पिंग पाठवायचे. त्यात मथळ्यांचे २८ मिळवले की बरोबर १५०० होतात. ते गेले नाही तर आकार कमी करत जायचे आणि जिथून उत्तर येऊ लागते तो आकडा टिपून ठेवायचा. ‘नेट स्लो आहे’ असे लिहिलेल्या तिकिटापेक्षा ‘१३७२ जाते, १३७३ जात नाही’ असे लिहिलेले तिकीट फायरवॉलवाल्यांना लगेच कामाला लावते. डेटा सेंटरच्या आतही हीच गोष्ट उलट दिशेने घडते: ओएसए कार्डावर ८९९२ बाइटचे मोठे पाकीट चालू केलेले असते आणि वाटेतला एखादा स्विच १५०० वरच असतो.

एफटीपीचे दुखणे याहून जुने. या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ म्हणून आला आणि तो लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी होते. आज ज्याला प्रमाण मानतात तो आरएफसी ९५९ ऑक्टोबर १९८५चा. तेव्हा फायरवॉल नावाची गोष्ट रोजच्या वापरात नव्हती, आणि एफटीपीत एकाऐवजी दोन जोडण्या ठेवल्या गेल्या: पोर्ट २१ वर बोलणी, आणि फाइलसाठी दर वेळी नवी वाट. अॅक्टिव्ह पद्धतीत ही दुसरी वाट सर्व्हर उघडतो, पॅसिव्हमध्ये क्लायंट. म्हणून लॉगिन होते, डिरेक्टरी बदलता येते, आणि ‘डीआयआर’ म्हटले की थांबते. हे लक्षण दिसले की पासवर्ड आणि परवानग्या तपासत बसू नये. दुसरी वाट फायरवॉलने अडवली आहे. ४२५ क्रमांकाचा संदेश हेच सांगतो. पॅसिव्ह करून पाहिले की अनेकदा सुटते. टीएलएस लावून बोलणी गुप्त केली की मात्र नवीच अडचण येते: आजवर फायरवॉल ती बोलणी वाचून योग्य पोर्ट आपोआप उघडत होती, आता तिला काहीच वाचता येत नाही. मग सर्व्हरवर पॅसिव्ह पोर्टांचा एक पट्टा ठरवून तो फायरवॉलवर कायमचा उघडावा लागतो. सुरक्षा वाढवल्यानंतर दुसऱ्याच दिवशी फाइली अडकायला लागल्याच्या तक्रारींमागे बहुधा हेच असते.

इथवर नेटवर्कची हद्द संपते, आणि जिथे सर्वांत कमी लोक शोधतात तो भाग सुरू होतो. विंडोज आणि लिनक्सला फाइल म्हणजे बाइटची एक लांब ओळ वाटते. झेड/व्हीएमवर वापरकर्ता ज्यात काम करतो त्या सीएमएस या प्रणालीला फाइल म्हणजे रेकॉर्डचा संच वाटतो, आणि प्रत्येक फाइलला रेकॉर्डचा प्रकार व लांबी जोडलेली असते. प्रकार एफ म्हणजे सगळे रेकॉर्ड सारख्या लांबीचे, व्ही म्हणजे कमी-जास्त. नावेही मोजकी: आठ अक्षरांचे नाव, आठ अक्षरांचा प्रकार आणि डिस्कचे अक्षर. इंग्रजीत पळसदेव आणि बारामती दोन्ही नावे बरोबर आठ अक्षरांची आहेत म्हणून मावतात; पुढे वर्षाचा आकडा जोडला की नाव बसत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण झेड/व्हीएमवर लिनक्स पहिल्यांदा बसवताना मिळते. लिनक्सचा कर्नल, सुरुवातीची रॅमडिस्क आणि पॅरामीटर फाइल या तीन फाइली सीएमएसवर आणून कार्ड पंचाने स्वतःच्याच रीडरमध्ये टाकायच्या आणि ‘आयपीएल ००सी’ म्हणायचे, अशी रीत आहे. कार्ड म्हणजे ८० रकाने. म्हणून फाइल बायनरी आणि एफ ८० अशीच यायला हवी. पाठवणाऱ्याने ‘बायनरी’ म्हटले, पण ‘साइट फिक्स ८०’ म्हणायचे राहिले, तर बाइट सगळे येतात आणि रेकॉर्डची आखणी चुकते. आयपीएल सुरू होताच मशीन थंड पडते. नवखा माणूस फाइल पुन्हा उतरवतो, पुन्हा पाठवतो, आणि पुन्हा तेच होते, कारण फाइलमध्ये दोष नसतोच. व्हीएमवरून स्वतः फाइल ओढून घेत असाल तर कमांड ‘लोकसाइट फिक्स ८०’ अशी असते. पंच करताना ‘नोहेडर’ विसरले की सुरुवातीला एक जादा कार्ड घुसते आणि तेवढ्याने सगळे बिघडते. फाइल पुन्हा न मागवता दुरुस्त करायची तर सीएमएस पाइपलाइन्स आहेत. डेन्मार्कचे जॉन हार्टमन यांनी घडवलेले हे साधन व्हीएमवाल्यांचे खास लाडके आहे. ‘एफब्लॉक ८० ००’ हा एक टप्पा बाइट सलग लावून ८०-८०चे रेकॉर्ड पाडतो आणि शेवटचा अपुरा रेकॉर्ड शून्याने भरतो. एका ओळीत काम होते.

आता तो ५ आणि २. मेनफ्रेमची अक्षरे एबसिडिकमध्ये असतात, बाकी जगाची आस्कीत. ‘ए’ हे अक्षर एबसिडिकमध्ये सी१ असते आणि आस्कीत ४१. एफटीपीला ‘आस्की’ सांगितले की ती प्रत्येक बाइट तक्त्यानुसार बदलते, आणि मजकुरासाठी ते योग्यच आहे. पण कोबोलच्या फाइलींत रकमा बऱ्याचदा पॅक्ड स्वरूपात, म्हणजे कॉम्प-३ मध्ये असतात. तिथे एका बाइटात दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह. अधिक ५ म्हणजे ५सी. एफटीपीला हा आकडा आहे हे माहीत नसते. एबसिडिकमध्ये ५सी म्हणजे तारांकन, म्हणून ती आस्कीतले तारांकन, म्हणजे २ए, लिहून मोकळी होते. आता पॅक्ड आकड्यात सीप्रमाणेच ए हेही अधिक चिन्ह म्हणून चालते. त्यामुळे पलीकडचा प्रोग्राम शांतपणे ‘अधिक २’ वाचतो. ४सीचे ३सी होते, म्हणजे अधिक ३. ६सीचे २५ आणि ७सीचे ४० होते. तिथे चिन्हाच्या जागी अंक येतो, म्हणून प्रोग्राम अडतो.

असला दोष चेकसमने पकडता येत नाही, कारण भाषांतर केल्यावर बाइट बदलणारच. रेकॉर्ड मोजूनही पकडता येत नाही. साखर कारखान्यात गाड्या मोजून ऊस किती आला ते कळत नाही, वजनकाटाच लागतो; तसा फाइलीच्या शेवटी रकमांची बेरीज साध्या अंकांत सांगणारा रेकॉर्ड लागतो. जुन्या बँकिंग फाइलींत तो असायचाच. नव्या पिढीने तो ‘जुनाट’ म्हणून काढून टाकू नये. आणि पॅक्ड आकडे असलेली फाइल एकतर बायनरीत पाठवून पलीकडे रकान्यागणिक उलगडावी, किंवा पाठवण्याआधी मेनफ्रेमवरच साधे अंक करून घ्यावी. तिसरा मार्ग नाही.

भाषांतराचे तक्तेही अनेक आहेत. ०३७ आणि १०४७ हे दोन तक्ते जवळजवळ सारखे, पण चौकोनी कंस वेगळ्या जागी: एकात बीए आणि बीबी, दुसऱ्यात एडी आणि बीडी. साधा इंग्रजी मजकूर दोन्हींत नीट दिसतो, आणि सी भाषेचा प्रोग्राम किंवा जेसनची फाइल गेली की कंसांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. क्रमवारीचीही गंमत आहे. एबसिडिकमध्ये अक्षरे आधी आणि अंक नंतर, आस्कीत नेमके उलट. म्हणून मेनफ्रेमवर क्रमाने लावलेली फाइल लिनक्सवरच्या प्रोग्रामला विस्कटलेली वाटते आणि दोन फाइली जुळवणारा जॉब अर्धे रेकॉर्ड ‘सापडले नाहीत’ म्हणून टाकून देतो. देवनागरीसाठी आयबीएमचा ११३७ हा एबसिडिक तक्ता आहे, त्यात ‘पळसदेव’ ६ बाइटमध्ये बसते. यूटीएफ-८ मध्ये तेच नाव १८ बाइट घेते. गावाच्या नावाला १५ बाइटचा रकाना असेल तर ‘पळसदे’ उरते. १६चा असेल तर शेवटचे अक्षर मधोमध तुटते आणि त्यापुढचा वाचक प्रोग्राम अख्खा रेकॉर्ड नाकारू शकतो.

डिस्कमुळे होणाऱ्या बिघाडांचे दोन प्रकार थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. मिनीडिस्कचा मालक लॉगऑन असून त्याने ती लिहिण्यासाठी धरली असेल, तर एफटीपीसर्व्हला ती फक्त वाचायला मिळते आणि फाइल टाकता येत नाही. दुसरा प्रकार उलटा: फाइल पोहोचलेली असते, पण ज्याने ती डिस्क आधीच जोडून ठेवली आहे त्याला ती दिसत नाही, कारण सीएमएस डिस्कची यादी जोडतानाच वाचून ठेवते. पुन्हा ‘अॅक्सेस’ म्हटले की दिसते.

आणि आरएससीएस. टीसीपी/आयपीच्या आधीपासून व्हीएमवर फाइली पाठवायची ही व्यवस्था आहे, आणि १९८१ साली सुरू झालेले बिटनेट हे विद्यापीठांचे जाळे तिच्याच पद्धतीवर उभे होते. तिथे ‘सेंडफाइल’ने ‘पाठवली’ म्हटले याचा अर्थ एवढाच, की फाइल आरएससीएसच्या हवाली झाली. पुढे ती एकेका मुक्कामावर थांबत जाते, आणि मधल्या एखाद्या ठिकाणी रांगेत पडून राहू शकते. डिसेंबर १९८७ मध्ये पश्चिम जर्मनीतून निघालेल्या एका ख्रिसमस शुभेच्छेच्या एक्झेकने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, हे जगाला दाखवले. चालवणाऱ्याला पडद्यावर झाड दिसे, आणि त्याच्या नेम्स व नेटलॉग फाइलींतल्या सर्व पत्त्यांवर त्याच एक्झेकच्या प्रती रवाना होत. बिटनेट, युरोपातले अर्न आणि आयबीएमचे स्वतःचे व्हीनेट, तिन्हींच्या लाइनी तुंबल्या. आजही आरएससीएसवर फाइल हरवली असे वाटले तर दोन टोके तपासून भागत नाही, मधल्या प्रत्येक मुक्कामाची रांग पाहावी लागते.

राहिला वेग. लाइन मोठी घेतली तरी फाइल सरकत नाही, ही पुण्यातून अमेरिकेशी काम करणाऱ्यांची जुनी तक्रार. टीसीपी पोचपावती आल्याशिवाय एका मर्यादेपलीकडे पुढे पाठवत नाही आणि मूळ रचनेत ही मर्यादा ६५,५३५ बाइटची आहे. जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद धरले तर सेकंदाला सव्वातीन लाख बाइटच जातात, लाइन एक गिगाबिटची असो वा दहाची. १० जीबीच्या फाइलला साडेआठ तास. १९९२च्या आरएफसी १३२३ने ही मर्यादा वाढवायची सोय केली, पण ती जोडणी सुरू होतानाच दोन्ही टोकांनी मान्य करावी लागते, आणि वाटेतल्या एखाद्या जुन्या फायरवॉलने तो पर्याय पुसला की पुन्हा साडेआठ तास. मोठी लाइन विकत घेण्याआधी हा भागाकार कागदावर करून पाहावा.

हे सारे शिकायचे कुठे, हा बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांचा रास्त प्रश्न आहे. रॉजर बाउलर यांनी १९९९ साली सुरू केलेला हर्क्युलिस हा एम्युलेटर साध्या लॅपटॉपवर चालतो आणि त्यावर व्हीएम/३७० मोफत बसवता येते. रीडर, पंच, मिनीडिस्क आणि एफ ८० त्यावर पक्के होतात. मूळ व्हीएम/३७० मध्ये टीसीपी/आयपी नव्हते, म्हणून एफटीपीच्या सरावासाठी त्याच हर्क्युलिसवर मेनफ्रेमचे लिनक्स बसवावे. ते बसवताना नेटवर्क पहिल्या फटक्यात क्वचितच लागते, आणि ते का लागले नाही हे शोधण्यातच पत्ते, ड्रायव्हर आणि पाकिटाचा आकार यांची ओळख होते.